बोईरतलावाची खालची पचरी

गिरजाबाई बोईरतलावावर पहिल्यांदा गेली त्या दिवशी पाणी भरायचा गुंड रिकामाच घेऊन परत आली. तलावाला पाणी भरपूर होतं. पचरीवर, म्हणजे काठाच्या दगडी पायऱ्यांवर, तिला अडवायला कोणी नव्हतं. ती सगळ्यात वरच्या पायरीवर गुंड कमरेला लावून उभी राहिली आणि कोणी ओरडायची वाट बघत राहिली. बराच वेळ कोणीच ओरडलं नाही, तेव्हा मात्र ती घाबरली आणि मजुरांच्या कॅम्पकडे वळली.

देवीदास, तिचा मुलगा, हसला. तो कारखान्याच्या बांधकामावर तिच्याआधीच येऊन स्थिरावला होता. इथं गावच राह्यलं नाई, तर अडवणार कोण, असं तो म्हणाला. ते खरं होतं. जमिनी गेल्या, मोबदला मिळाला, अर्धं गाव उठून गेलं. राहिले ते पलीकडच्या काठाला, वरच्या पचरीवर देवळाजवळ आंघोळीला जात. छत्तीसगडात शिवाशीव नव्हती असं नाही, वरच्या पचरीवर ती चांगली नांदत होती. पण खालच्या पचरीला वाली उरला नव्हता. ठेकेदाराने नागपूर-भंडाऱ्याकडून आणलेल्या मजुरांचा कॅम्प तिच्याच मागे पडला, आणि ती पचरी न मागता त्यांची झाली.

दुसऱ्या दिवशी बिसाहिन नावाची एक केवटीण, तळ्यात मासे धरणारी, तिथं कपडे धूत होती. म्हातारी वरच्या पायरीवर ताटकळलेली पाहून तिने आपले कपडे बाजूला सारले आणि म्हणाली, "आ दीदी, एती आ." गिरजाबाईने आधी आपण कोण, कुठल्या, ते सगळं सांगून टाकलं. मागाहून भांडण नको. बिसाहिनला त्यातलं निम्मं कळलं नसेल, ती कपडा आपटत राहिली. मग गिरजाबाई गुडघाभर पाण्यात उतरली, गुंड बुडवला आणि तिथंच उभी राहून रडली.

पवनीकडचं तिचं गाव. तो मुलूख तळ्यांचा, पण त्यातलं एक तळं तिच्या माणसांचं नव्हतं. उन्हाळ्यात नाल्याच्या रेतीत झिरे उकरायचे आणि पाझरेल तसं पाणी वाटीने भरायचं. लहानपणी एकदा पाय घसरून ती गावतळ्यात पडली होती. बापाने उडी टाकून तिला काढली. पोर वाचली, पण तळ्यात उतरल्याबद्दल बापाला चावडीपुढे उन्हात उभं केलं, आणि तो ओल्या धोतराने दिवसभर उभा राहिला. गिरजाबाईला त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नसे, धोतर वाळत गेलेलं तेवढं आठवे.

आता नागपूरला दीक्षा झाली होती. देव पेटीसकट नदीत गेले होते. दीक्षेनंतर जन्मलेल्या नातीचं नाव गौतमी ठेवलं होतं. आणि इथं हे एवढं तळं. गिरजाबाईने ती पचरी अंगणासारखी सांभाळायला घेतली. सकाळी पायऱ्या झाडायची, शेवाळ विटकरीने घासायची, कोणी घाण भांडं बुडवलं तर त्या बाईची पिढी काढायची. कॅम्पमधल्या बाया मागून तिला तळ्याची पाटलीण म्हणत, आणि ते तिच्या कानावर गेलं तेव्हा ती मनातून खूश झाली.

मुलगा आणि सून कामावर गेले की नात तिच्याजवळ. ऊन चढायच्या आत ती गौतमीला खालच्या पायरीवर बसवून आंघोळ घाली. पोरगी पाय पाण्यात सोडून बसे. बारके मासे बोटांना टोचले की खुदखुदून हसे, आणि पाय वर घेऊन पुन्हा बुडवी. त्या वेळी गिरजाबाईला वाटे, आपल्या बापाने हे बघायला हवं होतं.

कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्या वर्षीचा उन्हाळा कडक निघाला. तळं निम्म्याच्या खाली गेलं. कॅम्पमध्ये मात्र माणसं वाढली, आणि तेवढ्या माणसांनी सकाळी जायचं कुठं, हा प्रश्न उभा राहिला. ठेकेदाराने शेवटी संडासांची एक रांग बांधून दिली. पत्र्याची दारं, आत सिमेंटची बैठक. लोकांना आनंद झाला. मैला कुठं जाणार हे कोणी विचारलं नाही. टाकी बांधायची होती म्हणे, पण ती राहून गेली, आणि नाली काढली ती बेशरमीच्या झुडपांमागून सरळ तळ्यात. मजुरांच्या बाजूनेच काढली, कारण वरच्या पचरीकडे काढली असती तर गावाने कुऱ्हाडी काढल्या असत्या.

ही नाली पहिल्यांदा शेवंताने पाहिली. देवीदासची बायको शेवंता फाउंडेशनच्या कामावर काँक्रीटची घमेली वाहत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि फळ्यांच्या उतारावरून वर चढायचं. खाली बघायचं नाही, तोल जातो. पण वर टोकाला घमेलं रिकामं केलं की दम घ्यायला एक क्षण मिळे, आणि तेवढ्यात मान सोडवत ती कॅम्पकडे बघे. आपली झोपडी कुठली, पोरगी बाहेर दिसते का. एका दुपारी तिला तळ्याच्या खालच्या अंगाला काळपट पट्टा पसरलेला दिसला. संध्याकाळी ती वाकडी वाट करून तिकडून आली आणि नाकाला पदर लावून झुडपांमागे बघून आली.

घरी आल्यावर तिने हातपाय न धुताच सासूला सांगितलं. सासूला ती मामी म्हणे.

"मामी, तळ्याचं पाणी आता नका आणू. संडासाची नाली तठीच सोडली. मी माह्या डोळ्यानं पायलं."

गिरजाबाई भाकर थापत होती. एवढं मोठं तळं, एका नालीने त्याला काय होतं, असं ती म्हणाली. शेवंताने पुन्हा सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"तुह्यं लहानपण नागपुरात गेलं, नळाखाली. तोटी फिरवली का पाणी. तुले पाणी म्हणजे काय ते माहीत नाई, शेवंते."

 नळाचा टोमणा शेवंता लग्न झाल्यापासून ऐकत होती. पण ती हट्टाचीच. दवाखान्यातल्या कंपाउंडरला जाऊन विचारून आली. त्याने पाणी उकळून प्यायला सांगितलं. मग रोज रात्रीचा स्वयंपाक झाला की ती सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे चुलीत घालून पोरीपुरतं पाणी उकळी आणि वेगळ्या मडक्यात भरून ठेवी. गिरजाबाई ते पाहून हसे. डाळ शिजवतात, भात शिजवतात, पाणी शिजवणारी सून मलाच मिळाली, असं ती शेजारणींना सांगे.

मग मासे मरायला लागले. पांढरी पोटं वर करून काठाला येऊन लागत. बिसाहिनने जाळं गुंडाळलं. जाताना ती मुद्दाम गिरजाबाईच्या झोपडीशी थांबली. "ए पानी झन पी दीदी," एवढं म्हणाली, हाताने नको नको केलं आणि दूरच्या दुसऱ्या तळ्याकडे निघून गेली. गिरजाबाईला त्या दिवशी चुकल्यासारखं वाटलं. तिने काठाचे मासे काठीने दूर ढकलले आणि जरा आत जाऊन गुंड भरला. उन्हाने पाणी तापलं की मासे मरतात, तिच्या गावीही मरत.

आता साहेब लोकांची गोष्ट. उंटावरून शेळ्या हाकणारे ते. कोणीतरी जीपमधून आलं, झुडपांमागे नाक दाबून उभं राहिलं आणि गेलं. दुसऱ्या दिवशी खालच्या पचरीवर आडवी दोरी बांधलेली आणि शेजारी बाबुलाल चौकीदार लाठी घेऊन बसलेला. पाण्याचा टँकर सुरू झाला, पण तो आधी बाबूंच्या घरांच्या लाइनीत थांबे, मग मिस्त्रींच्या. मजुरांपर्यंत येईतो तळाचा गाळ उरे, आणि त्यावर बाया एकमेकींच्या झिंज्या धरत. नाली मात्र कोणी बुजवली नाही.

गिरजाबाई नेहमीप्रमाणे झाडू आणि गुंड घेऊन गेली. बाबुलाल वाईट माणूस नव्हता. त्याला सांगितलं होतं तेवढंच तो करत होता, आणि त्याला एवढंच सांगितलं होतं की इथून कोणी पाण्यात उतरायचं नाही. पाणी खराब आहे, तो म्हणाला. गिरजाबाईने तळ्यापलीकडे बोट केलं. वरच्या पचरीवर गावची माणसं सूर्याला पाणी देत होती. पितळेचे लोटे उन्हात चमकत होते.

"तळं तं एकच हाय ना गा? मंग त्याहिले कावून नाई सांगत?"

बाबुलालने पलीकडे बघितलं. हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. "मेरे को इधर का ही बोला है, बाई," तो म्हणाला.

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. खरं उत्तर असं की वरची पचरी गावाची, ठेकेदाराच्या हद्दीत येत नव्हती, आणि गावाशी भांडण घ्यायची कोणाची तयारी नव्हती. पण ते सांगणार कोण? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि गिरजाबाईचं तोंड तर पाण्यानेच पोळलेलं. तिने स्वतःच्या आयुष्यातून उत्तर काढलं. तरी ती कदाचित वळली असती. पण बाबुलालला उठायचा कंटाळा आला, आणि दोरीपलीकडे ठेवलेला तिचा गुंड त्याने बसल्या जागेवरून लाठीने ढकलला. गुंड कलंडला, घरंगळत दोन पायऱ्या खाली गेला आणि आवाज करत थांबला.

हाताने सरकवला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. लाठीने भांडं सरकवणं म्हणजे काय, हे त्या कॅम्पमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. गिरजाबाईने झाडू खाली टाकला, लुगड्याचा काचा घट्ट केला, दोरी उचलली आणि खालून गेली. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिने ओंजळ भरली आणि सगळ्यांदेखत प्यायली. मग पुन्हा एक. काठावरच्या बाया आधी थिजल्या, आणि मग एकेक करून तिच्यामागे उतरल्या. बाबुलाल बघत राहिला. एवढ्या बायांना एकटा काय करणार, त्याने बिडी पेटवली.

त्या रविवारी वंदनेला सगळा कॅम्प जमला. वंदना जानराव मिस्त्री घेत असे. तो गिरजाबाईच्याच गावचा, विटा रचणारा माणूस, वाचायला शिकलेला, आणि त्याच्या शब्दाला मान होता. वंदना झाल्यावर तो बसला नाही.

"बाबासाहेबाइनं चवदार तळ्याचं पाणी पेलं, तवाबी लोकायनं म्हटलंच होतं का पाणी बाटलं म्हणून. आज यायचं म्हणणं का पाणी खराब हाय. कोनासाठी खराब हाय? आपल्याचसाठी. आपल्या गिरजाबाईनं काल त्याचं उत्तर देलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिरजाबाई मान खाली घालून बसली होती, मांडीवर गौतमी. तिचे कान तापले होते. एवढी माणसं, आणि त्यात आपलं नाव, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. शेवंता मागे बायांत बसली होती. झुडपांमागची नाली तिच्या डोळ्यांपुढे होती. उठावं आणि सांगावं, सगळ्यांना तिथं नेऊन दाखवावं, असं तिला फार वाटलं. पण तिने सासूच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा असा उजळलेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि तो विझवायचं तिच्याने झालं नाही. घरी जाऊन तिने मुकाट्याने चूल पेटवली आणि पोरीचं पाणी उकळत ठेवलं.

पण उकळलेलं मडकं लहान, आणि दुपार मोठी. मे महिन्याच्या त्या उन्हात पोरगी सारखं पाणी मागायची. मडकं संपलं की गिरजाबाई मोठ्या माठातलं, तळ्याचं पाणी द्यायची. त्यात तिचा वाईट हेतू काय असणार? तिने स्वतः प्यायलेलं पाणी, गाळून घेतलेलं, गार. तिला वाटे, यापेक्षा चांगलं काही आपण या पोरीला दिलेलं नाही.

शेवंताला निरोप आला तेव्हा तिच्या डोक्यावर भरलेलं घमेलं होतं. पोरीला सकाळपासून ढाळ सुरू आहेत, ओकते आहे, असं शेजारीण खालून ओरडली. शेवंताने घमेलं तिथंच उलटं केलं. मुकादम शिव्या देत राहिला, ती धावत सुटली. झोपडीत गौतमी गोधडीवर पडलेली. सकाळी खेळत होती ती पोर दुपारपर्यंत म्हातारी झाली होती. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. शेवंताने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. ढाळ पांढरे, तांदळाच्या धुवणासारखे.

कंपाउंडरने बघताच सांगितलं, पटकी आहे, इथं सलाइन नाही, दुर्गच्या मोठ्या दवाखान्यात न्या. देवीदास प्लँटच्या फाटकाशी जाऊन ट्रकांना हात करत राहिला. तेजराम नावाचा ड्रायव्हर थांबला. त्याच्या ट्रकमध्ये लोखंडी सळया होत्या. शेवंता पोरीला घेऊन पुढे त्याच्याशेजारी बसली, देवीदास आणि गिरजाबाई मागे सळयांवर. तापलेल्या सळया मांड्यांना चटके देत होत्या. गिरजाबाईला त्याची शुद्ध नव्हती. तिने घाईत निघताना माठातून तांब्या भरून घेतला होता आणि तो सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली होती.

रेल्वेचं फाटक बंद होतं. लांबलचक मालगाडी रांगत येत होती, एकेक डबा फाटकातून सरकत होता. ट्रक थांबला तसा पोरीचा आवाज मागे ऐकू आला. पाणी म्हणाली ती. गिरजाबाई सळयांवर गुडघे टेकत पुढे सरकली आणि पाठीमागच्या झरोक्यातून तिने तांब्या आत दिला. शेवंताने तो घेतला. एकदा तांब्याकडे बघितलं, एकदा झरोक्यातल्या सासूच्या चेहऱ्याकडे. मग हात खिडकीबाहेर काढून तिने ते सगळं पाणी रस्त्यावर ओतलं.

 धुळीत पाण्याचा डाग पडला आणि बघता बघता सुकला. मालगाडी जातच होती. तेजरामने खाली उतरून फाटकवाल्याला हाका मारल्या, पण गाडीसमोर तो बिचारा काय करणार. शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, ट्रक रूळ ओलांडून पलीकडे गेला, तेव्हा गौतमी गेलेली होती. शेवंताला ते कळलं होतं, तरी तिने तेजरामला थांब म्हटलं नाही. ट्रक दुर्गपर्यंत गेला.

पोरीला नाल्यापलीकडे पुरलं. जानरावने त्रिशरण म्हटलं. खड्ड्यावर माती ओढताना तो गिरजाबाईच्या नजरेला नजर देत नव्हता. पुढच्या रविवारी तो वंदनेला आलाच नाही, दुसऱ्या कोणीतरी घेतली. कॅम्पमधली आणखी माणसं आजारी पडली. त्यातली काही बरी झाली आणि एक म्हातारा मेला. गिरजाबाई स्वतः तेच पाणी पीत होती, तिला मात्र काही झालं नाही. आपल्याला का झालं नाही, असं ती एकटी असताना पुटपुटायची.

घरात तिला कोणी बोललं नाही. देवीदासने एकदाच, तिच्याकडे पाठ करून, म्हटलं की माय, तू जेवून घे. शेवंता परत कामाला जायला लागली. यायची, चूल पेटवायची, सासूचं ताट वाढायची, पुढ्यात सरकवायची. बोलायची नाही. तिने शिव्या दिल्या असत्या, हाताला धरून बाहेर काढलं असतं, तर गिरजाबाईला बरं वाटलं असतं. ती ताटापुढे बसून राही आणि भाकर वाळून कडक होई.

मग वरच्या गावातही पटकी शिरली. देवळाशेजारच्या घरातली एक सून दगावली, तेव्हा कुठं सगळ्यांचे डोळे उघडले. जीपा आल्या, सुया टोचणारे आले, पांढरी भुकटी तळ्यात ओतली गेली, ती नाली एका दुपारी बुजवली गेली. आणि वरच्या पचरीवरही दोरी बांधली. गिरजाबाई खालच्या काठाला उभी राहून बघत होती. बाबुलाल आता त्या बाजूला होता. सूर्याला पाणी देणाऱ्या माणसांना तो ओरडून हाकलत होता, त्यांचे पितळेचे लोटे त्याच लाठीने मागे सारत होता. ती माणसं लोटे उचलून गुपचूप परत जात होती.

असं काही डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून तिच्या बापाने, तिच्या आजाने काय दिलं नसतं. गिरजाबाईने ते पाहिलं आणि तिला काहीही वाटलं नाही. फक्त एवढं कळलं की दोरी तिच्यासाठी नव्हती. खरंच पाणीच खराब होतं. ती काठावरच मटकन खाली बसली आणि कोणीतरी तिला धरून घरी आणलं.

त्यानंतर तिने पाण्याला शिवणं सोडलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. माठाशी जायची नाही, कोणी दिलं तर प्यायची, नाहीतर तशीच राहायची. भांडी घासायला घेतली तर राख लावून ठेवून द्यायची, धुवायची नाही. देवीदासला वाटलं, दुःखाने विसरते.

सुट्टीच्या दिवशी टँकर आला. आता तो मजुरांकडे आधी येत होता, पोरगी गेल्यावर एवढं झालं होतं. शेवंता गुंड घेऊन रांगेत उभी राहिली. सासू घरात एकटी बसू नये म्हणून देवीदासने तिलाही सोबत पाठवलं होतं. रांग सरकली, शेवंताचा नंबर आला, आणि तिने मागे बघितलं तर सासू रांगेत नव्हती. ती लांब, रस्त्याच्या कडेला, अंग चोरून उभी होती. शेवंताने गुंड तोटीखाली धरायला तिला खुणेने बोलावलं, पाण्याला जोर होता, दुसरे हात हवेच होते. गिरजाबाई जागची हलली नाही.

"तूच भर," ती म्हणाली. "मी हात नाई लावत. माह्या हातानं पाणी बाटते."

ती हे मोठ्याने म्हणाली नाही, पण रांगेतल्या सगळ्या बायांना ऐकू गेलं. गलका थांबला. त्या शब्दापासून सुटायलाच सगळ्यांनी गाव सोडलं होतं, दीक्षा घेतली होती, देव बुडवले होते. आणि आज त्यांच्यातलीच एक, कोणी न म्हणता, तो शब्द स्वतःला लावून उभी होती.  टँकरची तोटी धो धो वाहत होती.

शेवंताने एकटीनेच गुंड भरला आणि खाली ठेवला.  कितीतरी दिवसांचा राग तिच्या आत होता, रस्त्यावर ओतलेलं ते पाणी होतं, पोरीने मागितलेलं आणि तिने न दिलेलं. झोपेतही तिला मालगाडीचे डबे दिसत. या बाईला क्षमा करावी असं तिला वाटत नव्हतं, तिने ती केलीही नाही. पण गौतमीची आजी अशी रस्त्याकडेला अंग चोरून उभी राहिलेली तिला बघवेना.

तिने शेजारणीच्या हातातला जर्मनचा पेला घेतला, तोटीखाली भरला आणि सासूपाशी गेली. सासूचे दोन्ही हात धरून तिने त्यांत तो पेला दिला. गिरजाबाई मागे सरकायला बघत होती, शेवंताने तिला सरकू दिलं नाही.

"मामी, मले तहान लागली," ती म्हणाली. न बोलून तिचा आवाज घोगरा झाला होता. "तुमच्या हातानं द्या."

गिरजाबाईने पेला वर केला. अर्धं पाणी शेवंताच्या हनुवटीवरून गळ्यात, पोलक्यात सांडलं. उरलेलं ती सगळं प्यायली. मग दम घेतला, तोंड पदराने पुसलं, आणि सासूने अजून तसाच धरलेला पेला तिच्याकडून न घेता, तिच्या दंडाला धरून तिला तोटीकडे नेलं. आणखी हवं होतं शेवंताला, फार तहान लागली होती.